‘आईला कुठे ठेवायचं?’ याच्या आधीचा प्रश्न

डिस्चार्जचा कागद तयार होता. ७९ वर्षांच्या आजी साताऱ्याच्या घरी पहाटे बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले, पुण्यात आणून शस्त्रक्रिया झाली आणि सहाव्या दिवशी त्या वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत चालल्या. डॉक्टरांच्या दृष्टीने काम फत्ते झाले होते. घरच्यांची अडचण मात्र आता कुठे सुरू होत होती.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर भावंडांची बैठक बसली. थोरल्याचा फ्लॅट पुण्यातच, पण तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही आणि नवरा-बायको दोघेही नोकरीला. मुलगी कोल्हापूरला, तिच्या घरी सासूबाई आधीच अंथरुणाला खिळलेल्या. धाकटा परदेशात, व्हिडिओ कॉलवर. ‘‘चांगल्यातलं चांगलं सीनियर होम बघा, पैशांची काळजी करू नका,’’ असे तो तिकडून सांगत होता. ‘‘लोक काय म्हणतील? आईला वृद्धाश्रमात टाकलं?’’ मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तासभर चर्चा फिरून फिरून एकाच वाक्यावर येत होती, ‘‘आता आईला कुठे ठेवायचं?’’

आजी दहा पावलांवर होत्या. पूर्ण शुद्धीत होत्या. त्यांना कोणीच काही विचारले नव्हते.

तपशील बदलून हा प्रसंग कोणत्याही शहरातल्या कोणत्याही अस्थिरोग वॉर्डात किंवा पक्षाघाताच्या कक्षात पाहायला मिळतो. वृद्धांच्या निवासाचा निर्णय आपल्याकडे बहुधा असाच होतो, संकट आल्यावर, घाईत आणि जागेपासून सुरुवात करून. खरे तर जागा ही शेवटची गोष्ट आहे. त्याआधी ठरवायला हवे ते हे, की या माणसाला नेमकी कोणती मदत, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती दिवस लागणार आहे?

मदत मोजता येते

‘आईचं सगळं करावं लागतं’ किंवा ‘बाबा तसे ठीक आहेत’ या वाक्यांवर निर्णय घेता येत नाही. वृद्धांच्या वैद्यकात त्यासाठी साधी, जुनी आणि भरवशाची मोजपट्टी आहे. १९६३ मध्ये अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या सहा क्रिया निश्चित केल्या: अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मल-मूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी थोड्या अवघड अशा आठ कामांची यादी दिली: फोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, वेळेवर औषधे घेणे आणि पैशांचा व्यवहार.

पहिल्या यादीतली कामे अडली तर शरीराला हात देणारे माणूस लागते. फक्त दुसऱ्या यादीतली अडली तर डबा, औषधांची आठवण, रिक्षाची सोय आणि बँकेच्या कामाला कोणी सोबत एवढ्यावर माणूस आपल्या घरी वर्षानुवर्षे राहू शकतो. हा फरक न ओळखल्यामुळे दोन्ही बाजूंनी चुका होतात. केवळ स्वयंपाक झेपत नाही म्हणून धडधाकट माणसाला घर सोडावे लागते, तर रात्री तीनदा उठवून शौचालयाला न्यावे लागणारे आजोबा केवळ दिवसाच्या बाईवर सोडले जातात.

देशातल्या वृद्धांची ‘लासी’ ही मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यात साठीच्या पुढच्या जवळपास चौघांपैकी एकाला पहिल्या प्रकारच्या क्रियांपैकी किमान एक जड जात होती. दुसऱ्या प्रकारच्या कामांत अडचण असणारे जवळपास निम्मे होते. म्हणजे हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही.

मोजताना एक पथ्य पाळावे. आज जे जमत नाही ते कायमचेच जमणार नाही, असे धरून चालू नये. मोतीबिंदू, ऐकू कमी येणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा एकाच वेळी चालू असलेली आठ-दहा औषधे यांमुळेही माणूस परावलंबी दिसू लागतो. यातले बरेच काही सुधारता येते. शस्त्रक्रियेनंतर काही वृद्ध बरळतात, रात्री-दिवसाचा मेळ चुकतो. तो तात्पुरता संभ्रम असू शकतो. लगेच डिमेन्शियाचा शिक्का मारण्याचे कारण नाही. खुब्याच्या अस्थिभंगानंतर चालण्यातल्या सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत होतो. म्हणूनच डिस्चार्जच्या दिवशी घर विकण्याचा किंवा कायमचा करार करण्याचा निर्णय घेऊ नये. त्या दिवशी पुढच्या सहा आठवड्यांची सोय पाहावी.

एका शब्दात कोंबलेले पाच पर्याय

मराठीत ‘वृद्धाश्रम’ हा एकच शब्द आपण सगळ्या जागांना लावतो आणि त्याला जोडून येणारी अपराधाची भावनाही सगळीकडे नेतो. प्रत्यक्षात पर्याय निरनिराळे आहेत.

पहिला, स्वतःचेच घर, पण बदललेले. बाथरूममध्ये भिंतीला घट्ट बसवलेले धरायचे दांडे, न घसरणारी फरशी, योग्य उंचीचा कमोड, बाहेर उघडणारे दार आणि पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा. व्हीलचेअर लागणार असेल तर दार सुमारे ९० सेंटिमीटर रुंद हवे आणि उंबऱ्यापाशी उतार करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबीचा. यातली बहुतेक कामे गवंडी आणि प्लंबर थोड्या दिवसांत करून देतात. जोडीला फिजिओथेरपिस्ट, जेवणाचा डबा आणि गरजेच्या वेळेपुरता मदतनीस.

दुसरा, ज्येष्ठांची वसाहत. इथे स्वतंत्र घर असते, शेजार समवयस्कांचा असतो, भोजनगृह, लिफ्ट आणि आपत्कालीन घंटा असते. पुणे आणि परिसरात अशी संकुले बरीच उभी राहिली आहेत. मात्र ही सोय हिंडत्याफिरत्या माणसासाठी असते. तिथे घर घेतले म्हणजे अंघोळ घालणारे माणूसही मिळाले, असे नाही.

तिसरा, साह्यासहित निवास, म्हणजेच ‘असिस्टेड लिव्हिंग’. खोली स्वतःची, पण अंघोळ, कपडे, औषधे, चालणे यांसाठी चोवीस तास मदतनीस. विशेष मदत लागणाऱ्या अनेकांसाठी हा मधला पर्याय योग्य ठरतो. अशा काही ठिकाणी महिना-दीड महिन्याचा तात्पुरता मुक्कामही मिळतो. शस्त्रक्रियेनंतर हात-पाय मोकळे होईपर्यंत किंवा घरात सेवा करणाऱ्या व्यक्तीला विश्रांती मिळावी म्हणून त्याचा उपयोग करून घेता येतो.

चौथा, पारंपरिक वृद्धाश्रम. पुण्यातल्या ‘निवारा’सारख्या जुन्या धर्मादाय संस्था आणि गोव्यात ‘प्रोव्हेदोरिया’ या सरकारी संस्थेची गृहे यांनी पिढ्यान् पिढ्या निराधारांना आसरा दिला आहे. पण बऱ्याच वृद्धाश्रमांच्या प्रवेश-अर्जावर एक अट असते: व्यक्ती ‘चालती-फिरती, स्वतःचे स्वतः करणारी’ असावी. प्रवेश घेताना ती पूर्ण होते. चार वर्षांनी आजोबांनी अंथरूण धरले की संस्थेचा फोन येतो, ‘‘यांना घेऊन जा.’’ ज्या दिवशी मदतीची सर्वाधिक गरज, नेमका त्या दिवशी दरवाजा बंद. कुटुंबाला या फोनची कल्पना आधीपासून असायला हवी.

पाचवा, शुश्रूषा केंद्र. नळीवाटे अन्न, लघवीची नळी, जखमांचे ड्रेसिंग किंवा पुढच्या टप्प्यातला डिमेन्शिया असेल तर प्रशिक्षित परिचारिका लागतात. डिमेन्शियासाठी तर जागेची रचनाही वेगळी असावी लागते, कारण भटकत बाहेर जाणे हा त्या आजाराचाच भाग आहे. त्याला कुलूप हे उत्तर नव्हे. सुरक्षित फिरता येईल असे आवार आणि रुग्णाची भाषा, सवयी कळणारी माणसे हवीत.

रात्रीचे गणित

‘चोवीस तास बाई ठेवू’ हे वाक्य घराघरांत सहज बोलले जाते. त्याचा हिशेब मांडून पाहू. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केले, तर एका रुग्णाजवळ सतत कोणीतरी असण्यासाठी साडेतीन माणसे लागतात. ब्युरोकडून आलेली एकच बाई घरात राहून हे सगळे करते तेव्हा बाकीच्या अडीच माणसांचे काम तिची झोप आणि तिची सुटी खाऊन होत असते. ती बाई नसेल, तर सून किंवा मुलगी. दोन वर्षे रात्री सलग झोप न मिळालेल्या सुनेचा रक्तदाब, पाठ आणि मनःस्थिती हीसुद्धा त्या घराची वैद्यकीय समस्या असते. तिची नोंद मात्र कोणत्याही केसपेपरवर नसते.

संस्थांनाही हेच गणित लागू आहे. समजा, एका मजल्यावर वीस वृद्ध आहेत आणि त्यांतले सहा अंथरुणाला खिळलेले. अशांना बेडसोर होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा यात चार फेऱ्या धरल्या तर चोवीस वेळा. दर वेळी दोन माणसांची दहा मिनिटे धरली तरी दोघांचे चार तास फक्त यातच जातात. डायपर, पाणी, घंटा वाजवणारे बाकीचे चौदा जण वेगळेच. त्या मजल्यावर रात्री एकच मावशी असेल, तर ती कितीही प्रेमळ असली तरी कूस बदलली जाणार नाही. म्हणून संगमरवरी स्वागतकक्ष पाहून भुलण्याऐवजी रात्रपाळीला किती माणसे, हा प्रश्न विचारावा.

पाहायला गेल्यावर

एखाद्या निवासाला दोनदा भेट द्यावी. एकदा ठरवून आणि एकदा न कळवता, संध्याकाळी सातच्या सुमारास. त्या वेळी कार्यालयातली माणसे गेलेली असतात आणि जेवणे, औषधे, डायपर बदलणे यांची गर्दी असते. खरे चित्र तेव्हा दिसते. लघवीचा वास दिवसभर रेंगाळतो का? घंटा वाजल्यावर कोणी किती वेळात येते? भरवताना माणसाला नीट बसवतात की आडवे ठेवूनच घास देतात? आडवे भरवल्यास अन्नाचा कण श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बसते करून भरवणे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवणे, एवढी शिस्त जिथे आहे तिथली बाकीची शिस्तही बहुधा चांगली असते.

मग व्यवस्थापकांना काही गोष्टी थेट विचाराव्यात. संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे? डॉक्टर किती दिवसांनी येतात आणि रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात? मागच्या महिन्यात किती जण पडले, त्याची वही आहे का? अंथरुणाला खिळल्यावर किंवा स्मृती गेल्यावर इथे राहता येईल का, आणि तेव्हा शुल्क किती वाढेल? महिन्याच्या शुल्कात डायपर, औषधे, फिजिओथेरपी धरली आहे का? मध्येच सोडायचे ठरले किंवा मृत्यू झाला तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल? नातेवाइकांना कधीही भेटता येते का? उत्तरे तोंडी न घेता करारात पाहावीत. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या गृहसंकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. करार वाचताना ती समोर ठेवली तर काय मागायचे हे कळते.

कायदा आणि पैसा

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण अधिनियम २००७ मध्ये झाला. निर्वाहासाठी ज्येष्ठांना उपविभागीय स्तरावरच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक, सुरुवातीला किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्यांनी उभारावा, असे म्हटले आहे. कलम २३ अनेक घरांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलांच्या नावे केले आणि नंतर सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मात्र ती अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असावी. आजारपणाच्या गडबडीत ‘नंतर कटकट नको’ म्हणून बक्षीसपत्रावर सही करण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ पासून आहे. ही सोय रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांची आहे. महिनोन् महिने लागणारा मदतनीस किंवा निवासाचे शुल्क त्यात येत नाही. जपानने २००० साली चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून हप्ता घेऊन दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वत्रिक विमा सुरू केला आणि मदतीची गरज मोजून तिच्या प्रमाणात सेवा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तसे काही नाही, त्यामुळे हा खर्च कुटुंबाच्याच खिशातून जातो. भावंडांनी तो महिन्याच्या आकड्यात, पाच-सात वर्षांसाठी कागदावर मांडावा. जे पैसे देऊ शकत नाहीत त्यांनी वेळ किती द्यायचा, हेही त्याच कागदावर यावे. कोणाकडे वळावे हे कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर माहिती आणि मदत मिळते.

संकटाच्या आधी

हे सगळे पडल्यावरच करायला हवे असे नाही. सत्तरीनंतर घरच्या घरी एक चाचणी करून पाहावी. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. नेहमीची चप्पल आणि काठी असेल तर तीही वापरायची. शेजारी कोणीतरी उभे राहावे. याला बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, औषधांची छाननी, डोळ्यांची तपासणी आणि बाथरूमची दुरुस्ती, यांनी पुढचा मोठा प्रसंग टळू शकतो. आणि बोलणे व्हायला हवे. हातीपायी धड असतानाच ‘मला एकटीला जमेनासं झालं तर कुठे राहायला आवडेल, काय अजिबात नको’ हे आई-वडिलांनी सांगावे आणि मुलांनी मध्ये न तोडता ऐकावे.

जागा बदलावीच लागली, तर पहिले काही आठवडे अवघड जातात. झोप उडते, जेवण कमी होते, गोंधळ वाढतो. आपली उशी, गोधडी, भिंतीवरचे घड्याळ, छोटे देवघर, जुना रेडिओ बरोबर नेला तर अनोळखी खोली थोडी ओळखीची होते. मुलांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जावे. ‘कधीतरी येतो’ यापेक्षा ‘रविवारी चारला’ याचा आधार मोठा असतो.

त्या दिवशी वॉर्डातल्या परिचारिकेने बाकावरच्या तिघांच्या चर्चेत डोके घातले. ‘‘अहो, आजींना विचारलंत का?’’ मग सगळे पलंगाभोवती जमले, फोनमधला धाकटाही. दोन्ही याद्या एकेक करून पाहिल्या. जेवण, मल-मूत्रावर ताबा, फोन, औषधे, पैशांचा हिशेब, हे आजींचे त्यांना जमत होते. अंघोळीला, लुगडे नेसायला, पलंगावरून उठायला आणि शौचालयापर्यंत जायला हात हवा होता. स्वयंपाक, खरेदी, कपडे धुणे तूर्त बंद.

‘‘मला दिवसा एकटं राहायची भीती नाही वाटत,’’ आजी म्हणाल्या. ‘‘भीती वाटते ती पहाटेची. बाथरूमला जाताना. तेवढ्याला कोणी असलं तर मी माझ्या घरी राहीन. तिसऱ्या मजल्यावर मला कोंडून घालू नका.’’

ठरले ते असे: सहा आठवडे पुण्यातच, फिजिओथेरपीची सोय असलेल्या साह्यासहित निवासात, थोरल्याच्या घरापासून जवळ. तेवढ्यात साताऱ्याच्या घराचे बाथरूम दुरुस्त करायचे. खर्च धाकट्याचा, देखरेख मुलीची. मग आजी त्यांच्या तळमजल्यावरच्या घरी जातील. सकाळी दोन तासांना एक बाई आणि रात्री मुक्कामाला दुसरी. तीन महिन्यांनी पुन्हा दोन्ही याद्या तपासायच्या. तोवर जमेनासे झाले तर पुढे कोणत्या निवासात जायचे, तेही आजीच दोन जागा पाहून सांगतील.

मुलीने पर्समधून छोटे कॅलेंडर काढून त्या तारखेभोवती गोल केला. आजींनी चष्मा मागवून तारीख नीट पाहून घेतली.